वेग त्याचा, अंदाज दुसऱ्याचा

मध्यरात्री एखाद्या उड्डाणपुलावर किंवा आउटर रिंग रोडवर कुणी पोट्टा भरधाव बाईकसकट कठड्यावर आदळतो, सकाळी बातमी येते आणि नागपुरात ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, गाड्या जप्त करा, चौकात उभं करून फटके द्या, आईबापांना आत टाका. दुसरी म्हणते, आधी खड्डे बुजवा, मोकाट जनावरं आवरा, कारवाल्यांना इंडिकेटर द्यायला शिकवा, मग आमच्या वेगावर बोला. टपरीवर, ऑफिसात, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हे चालतं आणि तिसऱ्या दिवशी विषय बदलतो. या वादात मला खटकते ती दोन्ही बाजूंची एक समान समजूत. वेग म्हणजे चालवणाऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न, असं दोघेही धरून चालतात. पहिल्याला तो माज वाटतो, दुसऱ्याला धमक. मग भांडण त्या मुलाच्या चारित्र्यावर होतं आणि रस्ता बाजूलाच राहतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शहरातला रस्ता एकमेकांच्या अंदाजावर चालतो. समोरची गाडी इथवर यायला किती वेळ घेईल, याचा हिशेब रस्ता ओलांडणारी बाई, यू-टर्न घेणारा ऑटोवाला, गल्लीतून स्कूटी बाहेर काढणारी मुलगी असे सगळेच क्षणोक्षणी मांडत असतात. ताशी ११०-१२० किलोमीटरने येणारी मोटारसायकल हा हिशेब उधळून लावते. चालवणारा कितीही पट्टीचा असो, त्याचं जॅकेट कितीही महागाचं असो, दुसऱ्याच्या डोक्यातल्या अंदाजावर त्याचा ताबा नसतो. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरच्या अतिवेगाला कौशल्याचा बचाव लागू पडत नाही. आणि त्याच कारणाने त्यावरचा इलाज फटक्यांत किंवा प्रवचनांतही सापडणार नाही.

जरा जवळून पाहू. पायी चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. रस्त्याच्या एका बाजूच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर, त्या पार करायला आठ-नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत ६० ने येणारी गाडी १५० मीटर कापते, १२० ने येणारी ३००. म्हणजे दुभाजकाकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाने तीनशे मीटरवरचा दिवा पाहून ठरवायचं की आत्ता पाऊल टाकायचं नाही. रात्री तीनशे मीटरवर मोटारसायकल म्हणजे एक ठिपका. कार जवळ येते तेव्हा तिचे दोन दिवे एकमेकांपासून फाकत जातात आणि त्यावरून डोळ्याला वेग समजतो. एकट्या दिव्याला फाकायला जोडीदारच नसतो. त्यातून लहान आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा उशिरा पोहोचेल असं माणसाला वाटतं, हे प्रयोगांतही दिसून आलेलं आहे. कारवाल्याची गत वेगळी नाही. दुभाजकाच्या फटीतून गाडी वळवून सरळ करायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. शंभर मीटरवरची बाईक ६० ने येत असेल तर त्याच्या हातात सहा सेकंद असतात, १२० ने येत असेल तर तीन. ‘साहेब, तो दिसलाच नाही’ असं अपघातानंतर कारवाला सांगतो, तेव्हा लोक चिडतात. तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. दिवा दिसलेला असतो, पण तो इतक्यात येऊन ठेपेल असं वाटलेलं नसतं.

आता हँडलमागून पाहू. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा, तोही जागा आणि ताजातवाना माणूस समजून. रस्ता कोरडा, टायर नवे, दोन्ही ब्रेक नीट मारता येणारा हात. अशा सगळ्या अनुकूल गोष्टी गृहीत धरल्या तर ६० वरची गाडी ३६-३७ मीटरमध्ये थांबते. त्याच जागी धोका दिसलेला ८० चा चालक, पहिला जिथे थांबला त्या मीटरवर अजून ६० च्या वर असतो. आणि १२० वाला? तो त्या ठिकाणाहून ताशी ११७ ने जातो, कारण ब्रेक लागायच्या आतच त्याचे ३३ मीटर संपलेले असतात. पूर्ण थांबायला त्याला ११० मीटरहून जास्त लागतात. वेग दुप्पट म्हणजे धडकेची ऊर्जा चौपट, हे सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. पण एक जण जिथे पाय टेकवून उभा आहे, तिथून दुसरा जवळजवळ पूर्ण वेगाने जातोय, हे चित्र त्या सूत्रातून कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

वेगाची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र वादात क्वचितच कुणी नीट मांडतं, म्हणून मीच मांडतो. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. अपघाताआधीचा मध्यक वेग (निम्मे त्याहून हळू, निम्मे त्याहून जोरात) निघाला ताशी ३० मैलांच्या आत, म्हणजे ४८ किलोमीटर. ताशी १३८ किलोमीटरच्या आसपासची धडक हजारात एक. शिवाय दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरींत बहुतेक वेळा चूक त्या दुसऱ्या गाडीवाल्याची होती, त्याने बाईकला वाट द्यायला हवी होती आणि दिली नाही. आपल्याकडचे आकडेही डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पण ही नोंद पोलिसांकडून येते आणि धडकेच्या क्षणी गाडीचा वेग किती होता हे मोजायचं साधन पंचनामा करणाऱ्याच्या हातात बहुधा नसतं. ‘अतिवेग’ हा सोयीचा रकाना आहे. तो भरला की रस्त्याची आखणी, अंधार, चुकीच्या बाजूने आलेला ट्रॅक्टर यांची चौकशी टळते. तेव्हा ७१ टक्क्यांचा सोटा हाणून मी हा वाद जिंकू पाहत नाही.

हर्ट यांचे आकडे मला पूर्ण मान्य आहेत. त्यातून ‘वेग हा खरा धोकाच नाही’ असा काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. निम्म्याहून जास्त अपघात ५०च्या आत होतात, कारण बहुतेक लोक बहुतेक वेळ ५०च्या आतच चालवतात. नागपुरात सर्वाधिक अपघात दिवसाउजेडी जागेपणी होतात असं निघालं, तर झोपेत गाडी चालवणं सुरक्षित ठरेल का? विचारायला हवं ते हे, की तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता ठेवून नुसता वेग वाढवला तर मरणाची शक्यता किती वाढते. स्वीडनमध्ये निल्सन या संशोधकाने वेगमर्यादा बदलल्यानंतर काय घडलं याचा अभ्यास केला आणि त्यातून निघालेला ठोकताळा आज जागतिक आरोग्य संघटनाही वापरते: सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेणे अपघात चार टक्क्यांच्या आसपास वाढतात. हर्ट अहवालातला दुसरा निष्कर्ष तर माझ्याच बाजूने बोलतो. चूक बहुतांशी कारवाल्याची असते, त्याने बाईकवाल्याला गणलेलं नसतं. मग ४८ वरही ज्याला तुमचा अंदाज येत नाही, त्याला १२० वर येईल या भरवशावर हँडल पिळणाऱ्याला काय म्हणायचं?

रस्त्यांबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री आमच्याच शहराचे खासदार आहेत, आणि अपघात कमी करण्यात आपल्याला यश आलं नाही, हे त्यांनी स्वतः लोकसभेत सांगितलं आहे. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, पण सिमेंटची कड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यात कुठे कुठे चार-चार बोटांची पायरी राहिली. त्या पायरीला दुचाकीचं पुढचं चाक तिरपं घासलं की गाडी आडवी. रंग उडालेले स्पीड ब्रेकर, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या, वळणावर सांडलेली गिट्टी, पावसात बंद पडलेले पथदिवे, हे सगळं खरं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८अ हे कलम आलं. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कुणाचा जीव गेला, तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम लावल्याची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली? मीही आठवून पाहिलं.

पण या तक्रारीतून वेगाचा बचाव कसा निघतो, हे मला कधीच कळलेलं नाही. रस्ता वाईट असेल तर तो वेग कमी करायचं कारण झाला. आणि रस्ता चांगला झाल्यावर काय होतं, तेही नागपूरने पाहिलं आहे. डांबराच्या उखडलेल्या रस्त्यावर जी गाडी ५०च्या वर नेली की कंबर बोलायची, ती रुंद, सरळ, सिमेंटच्या रस्त्यावर आपोआप ८०ला जाते. रस्ता सुधारला, पण गल्लीतून बाहेर येणाऱ्याचे डोळे सुधारले नाहीत, कुत्र्यांना शिस्त लागली नाही. चूक सर्वस्वी दुसऱ्याची असली तरी जखम किती खोल होणार हे वेगच ठरवतो, याचं उदाहरण आमच्याकडे दर जानेवारीत मिळतं. नायलॉन मांजा. त्यावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच ती देशभर लागू केली. विकणारा गुन्हेगार, उडवणारा बेजबाबदार. दुचाकीवाल्याचा काडीचा दोष नाही. तरीही संक्रांतीच्या आठवड्यात शहाणा नागपूरकर गळ्याला दुपट्टा गुंडाळतो, हँडलला तारेची कमान लावून घेतो आणि ३०-४० च्या वर जात नाही, कारण आडव्या आलेल्या धाग्यावर गळा किती जोराने जाणार ते स्पीडोमीटरच्या काट्यावर ठरतं. संक्रांतीला पोलीस उड्डाणपूल दुचाकींना बंद करतात, तेव्हा कुणी त्याला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणत नाही. दोष कुणाचा आणि सावधगिरी कुणी घ्यायची हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आम्हाला एक आठवडाभर समजतं आणि मग वर्षभर विसरायला होतं.

आता कौशल्य आणि साधनं. ‘आम्ही ट्रेनिंग घेतलंय, एबीएस आहे, फुल गिअर घालतो, ट्रिपल सीट पल्सरवाल्यांत आम्हाला मोजू नका.’ हे म्हणणारे रायडर मला त्या कट मारत जाणाऱ्यांपेक्षा शतपटीने बरे वाटतात. पण जगात या दाव्याची परीक्षा शंभरावर वर्षं चालू आहे. आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून मोटारसायकलची शर्यत होते, सध्या गावांतून आणि डोंगरातून जाणाऱ्या साठ किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यावर. शर्यतीच्या वेळी रस्ता बंद असतो. समोरून वाहन नाही, गाय नाही, यू-टर्न नाही. चालवणारे जगातले निवडक, प्रत्येक वळण पाठ असलेले. तरी त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धक मेले. १९७२ साली तिथे एक इटालियन चालक गेल्यावर त्या काळचा सर्वांत मोठा विजेता जाकोमो अगोस्तिनी याने पुन्हा तिथे न धावण्याचं ठरवलं, आणि १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदातून वगळली गेली. अगोस्तिनीला चालवता येत नव्हतं असं कुणी म्हणेल का? त्याला कळलं ते इतकंच की भिंती, खांब आणि घरांच्या पायऱ्या असलेला रस्ता चूक पोटात घालत नाही, मग चूक कुणाचीही असो. मोटोजीपी या जागतिक शर्यतीच्या आजच्या ट्रॅकवर चालक २०० च्या वर पडतो आणि पुष्कळदा उठून चालू लागतो, कारण पडल्यावर घसरत जायला मोकळी जागा आणि वाळू असते, सूटमध्ये एअरबॅग असते, आणि दुभाजक नसतो. ‘आम्हाला ट्रॅक द्या’ ही मागणी म्हणूनच मला रास्त वाटते. विदर्भात जागेचा दुष्काळ नाही. मात्र ट्रॅक मिळेपर्यंत वर्धा रोड वापरू, हे त्या मागणीचं शेपूट मान्य नाही.

हेल्मेटबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलून झालं आहे आणि पुण्यातल्या हेल्मेटविरोधी आंदोलनांनी महाराष्ट्राची पुरेशी करमणूक केली आहे. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. ते घालायलाच हवं, मागे बसणाऱ्यानेही. पण युरोपच्या मानकात हेल्मेटची चाचणी घेतात ती जास्तीत जास्त सेकंदाला आठ-साडेआठ मीटर वेगाने आदळून, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. पडताना डोकं जमिनीवर साधारण त्याच किंवा त्याहून कमी वेगाने येतं, म्हणून ती चाचणी अर्थपूर्ण आहे. शंभरच्या वेगात खांबावर किंवा उभ्या ट्रकच्या मागच्या लोखंडावर जाणाऱ्या डोक्याचा विचार त्यात नाही, आणि छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीचा तर नाहीच. हेल्मेट आहे म्हणून वेग परवडतो, हा हिशेब मेडिकल कॉलेजच्या ट्रॉमा सेंटरबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपुढे कुणी मांडून दाखवावा.

‘आमचा जीव, आमची मर्जी.’ या मुद्द्याला हसू नये. सज्ञान माणसाला स्वतःपुरता धोका पत्करायचा हक्क आहे, नाहीतर गिर्यारोहणावरही बंदी आणावी लागेल. प्रश्न ‘स्वतःपुरता’ या अटीचा आहे. दुचाकी कुणाला काय करणार, असं आपण समजतो. गाडी आणि स्वार मिळून २३० किलो धरा. १२० च्या वेगात त्यांच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी हजार किलोच्या छोट्या कारमध्ये ५७-५८ च्या वेगाला असते. कॉलनीतून साठच्या आसपास कार दामटणाऱ्याला तुम्ही खून करशील का म्हणून विचारता, मग बाईकवाल्याला का नाही? आणि हे मी एकटाच म्हणत नाही, सरकारने ते दरपत्रकात छापून ठेवलं आहे. थर्ड पार्टी विमा भरून देतो ते तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. त्याचा वर्षाचा हप्ता २०२२ साली ठरला तो असा: ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, ३५० सीसीच्या वर २८०४ रुपये. जवळजवळ चौपट. तुमच्या मर्जीची किंमत दुसरा मोजतो हे विमा कंपन्यांना कळतं, तिथे भावनेचा संबंध नाही. बाकी मागे बसलेल्या मित्राची किंवा बहिणीची मर्जी कुणी विचारली होती, हा प्रश्न मी वेगळा काढत नाही.

कारवाल्यांना सोडून आमच्याच मागे का, हाही सवाल येतो. त्यात राग आहे आणि त्या रागाला कारण आहे. २०२४च्या फेब्रुवारीत नागपूरच्या रामझुला पुलावर महागड्या कारच्या धडकेत दोन दुचाकीस्वार गेले, मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात तसंच घडलं, आणि दोन्ही प्रकरणांत पैसा कायद्याला कसा वळवू पाहतो याची चर्चा महिनोन्‌महिने चालली. कारच्या वेगालाही हीच फूटपट्टी लावा, माझी हरकत नाही. ती प्रकरणं उलट हेच सांगतात की अतिवेगाचा बळी बहुधा दुचाकीवर बसलेला असतो, वेग त्याचा असो की दुसऱ्याचा.

आता माझ्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळतो, कारण वाद त्यांनीही बिघडवला आहे. ‘आजकालची पिढी’ या शब्दांनी सुरू होणारं कुठलंही भाषण रस्ता सुरक्षेच्या कामाचं नसतं. वेगात आनंद आहे. पहाटे कोंढाळीकडे मोकळ्या रस्त्यावर गाडी काढणाऱ्याला तो मिळतो, तो त्याच्याकडून हिसकावून घेणं हा हेतू असूच शकत नाही. ब्रिटनमध्ये १८६५ साली कायदा होता, की यांत्रिक गाडीपुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं आणि गावात गाडी ताशी दोन मैलांच्या वर न्यायची नाही. १८९६ साली तो गुंडाळावा लागला. भीतीपोटी केलेला नियम टिकत नाही. ओढून-पकडून मॉडिफाय सायलेन्सरवर रोलर फिरवला की फोटो छान येतो, आवाजाचा त्रासही कमी होतो, पण कंपनीचा सायलेन्सर लावलेली गाडीसुद्धा दीडशेला जाते. आणि काट्याचे रील करणाऱ्या पोट्ट्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते: स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा बनवतात. रीलमधला दीडशे हा बहुतेक वेळा दीडशे नसतोच.

मग करायचं काय? यंत्राकडे आणि रस्त्याकडे बघायचं. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १००ला साधारण सात अश्वशक्ती होती, आज बारावी झालेल्या पोराला चाळीसच्या वरची गाडी बक्षीस मिळते. लायसन्स मात्र तेव्हाचंच. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीवर आठचा आकडा काढून दाखवा, तेच लायसन्स हजार सीसीला चालतं. युरोपात यासाठी पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५ किलोवॅट, त्यावर दोन वर्षं काढल्यावर किंवा चोविसाव्या वर्षी बिनमर्यादा, आणि परीक्षेत ताशी ५० वरून अचानक ब्रेक मारून दाखवावा लागतो. आपल्याकडे ठरावीक वेगावरून ब्रेक मारून दाखवायची अशी परीक्षा नाही. २०१९ पासून नव्या कारमध्ये ८०ला सूचना वाजते आणि १२०ला ती थांबत नाही, ट्रक-बसला ८०चा वेगनियंत्रक आहे, दुचाकीला यातलं काही नाही. कंपन्यांना हे जमणार नाही असंही नाही. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा ही बाईक ताशी ३०० च्या पुढे गेली, तेव्हा बंदीच्या भीतीने मोठ्या कंपन्यांनी ३०० वर थांबायचं आपापसांत ठरवलं आणि बरीच वर्षं पाळलं. तीनशे ही मर्यादा रस्त्याच्या दृष्टीने हास्यास्पद आहे, पण इलेक्ट्रॉनिक लगाम घालता येतो हे त्यातून दिसलं.

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश द्या, ही मागणी अधूनमधून होते. माझाच युक्तिवाद लावला तर तिथे गल्ली नाही, चौक नाही, पायी ओलांडणारा असायला नको, म्हणजे अंदाज बांधणं सोपं. या मागणीत दम आहे, हे मान्य करायला हवं. अडचण वेगळी आहे. २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलची कमाल मर्यादा ८०, आणि तिथे कारला १२०. ताशी ४० च्या फरकाने मागून येणाऱ्या, तासन्‌तास सरळ रस्ता पाहून डोळे मिटू लागलेल्या कारवाल्यापुढे दुचाकी सोडायची का? मी नाही म्हणेन, पण हे नाही म्हणणं दुचाकीवाल्याच्या रक्षणासाठी आहे, त्याला शिक्षा म्हणून नाही.

शहरात तर आजच करता येण्यासारखं काम समोर आहे. वर्धा रोडचा दुमजली उड्डाणपूल ३.१४ किलोमीटरचा आहे, वर मेट्रो, मध्ये आपण. त्यावर ना चौक ना सिग्नल. शहरातली मोटारसायकलची मर्यादा ६०, त्या वेगाने पूल १८८ सेकंदांत पार होतो. चढताना एक कॅमेरा, उतरताना एक, नंबरप्लेट जुळवायची आणि वेळ मोजायची. जो ९४ सेकंदांत खाली आला त्याची सरासरी १२० होती, त्याला पोलिसाशी हुज्जत घालायला जागा नाही, आणि कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की पुन्हा थ्रॉटल ही युक्तीही चालत नाही. वाचलेलं दीड मिनिट तो तसंही खालच्या पहिल्या लाल सिग्नलला घालवणार असतो. कामठी रोडच्या नव्या पुलालाही हेच लागू.

मग पोट्टे आउटर रिंग रोडला जातील, असं कुणी म्हणेल. जातील काही. तिथला धोका निराळा आहे: ढाब्यांसमोर मागचा दिवा न लावता अर्ध्या लेनमध्ये उभे असलेले ट्रक. लो बीमचा उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंतच उपयोगी पडतो आणि १२० ला थांबायला ११० मीटर लागतात, म्हणजे ट्रक दिसतो तेव्हा वेळ संपलेली असते. ७० ने घरी निघालेल्या कामगारालाही तो जेमतेम वेळेवर दिसतो. ते ट्रक हटवणं, ढाब्यांना आत जागा आखून देणं, रस्त्यावर दिवे लावणं हे त्या रस्त्याच्या मालक यंत्रणेचं काम आहे, आणि ते होत नसेल तर १९८अ कलम पहिल्यांदा तिथेच लावून पाहावं.